ओरोंझो पेरोनेच्या नावावरची डबी

"ही डबी तर मंगळवारीच नेलीये," सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीमागून इम्माबाई म्हणाल्या.

"कुणी?"

"तूच की! ओरोंझो पेरोने. ही बघ सही."

मंगळवारी ओरोंझो दिवसभर ब्रिंदिसी शहरात कामावर होता. त्याने वही स्वतःकडे फिरवली. मोठाली, उजवीकडे कललेली अक्षरं. लहानपणी प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची.

"आजोबांची आहे," तो पुटपुटला.

"घ्या! थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवायचं, आणि निस्तरायचं आम्ही!" इम्माबाईंनी कपाळावर हात मारला. "आले असतील रक्तदाबाच्या गोळ्यांना. मी रजेवर होते. बदलीवरच्या बाईने नाव बघून दिली असेल तुझी डबी. जन्मतारीख कोण बघतंय!"

"मग मला दुसरी द्या ना."

"कशी देऊ, राजा? पदरचे पैसे भरत होतास तेव्हा दहा नेल्या असत्यास तरी कुणी हटकलं नसतं. आता सरकार भरतं. एका नावावर महिन्याला एकच. डबी परत आण, नोंद दुरुस्त करते."

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या होत्या त्या. ओरोंझो वर्षभर घेत होता आणि घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. दामियानोवरच्या प्रेमाबद्दलही ठाऊक नव्हतं. बाकीच्यांचं काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. पण आजोबा! बापामागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं, तर मग या जगात ओरोंझोचं म्हणावं असं कोण उरणार होतं?

त्यात आज शनिवार. दुपारी अस्सुंता आत्या येणार, आजोबांची आठवड्याची गोळ्यांची पेटी भरायला. ही बाई चष्मा चढवून डबीतला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि संध्याकाळच्या आत वाचलेलं गावभर झालेलं असतं.

ओरोंझोने स्कूटर अशी हाणली, की चौकातला भाजीवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला.

आजोबा स्वयंपाकघरात चणे शिजवत होते. दाढी गुळगुळीत, अंगावर इस्त्रीचा निळा शर्ट, अत्तराचा घमघमाट, आणि वर गाणं चाललेलं. आजी गेल्यापासून सहा वर्षांत या घरात गाणं ऐकू आलं नव्हतं. पण ओरोंझोला आत्ता कुठे तेवढं भान!

"आलास? बरा वेळेवर आलास. तुळस तोडून आण."

"आणतो. आधी पाणी पितो."

आजोबांची पाठ वळताच त्याने कपाट उघडलं. गोळ्यांच्या पेटीशेजारी डबी नव्हती. साखरेमागे नव्हती. सापडली ती पिठाच्या बरणीमागे, अगदी तळाशी. म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही हल्ली, कुठलं औषध कुठे ठेवतील नेम नाही, असं मनाशी म्हणत त्याने झाकण उघडलं. सील फुटलेलं होतं. त्याने गोळ्या तळहातावर मोजल्या. सव्वीस. चार गेलेल्या.

तो डबी घेऊन आजोबांपुढे उभा राहिला.

"आजोबा! या घेतल्यात तुम्ही?"

आजोबा सावकाश वळले. डबीकडे बघितलं, मग नातवाकडे.

"घेतल्या. रोज एक. का रे?"

"अहो, या तुमच्या नाहीत! रक्तदाबाच्या नाहीत या! तुमच्या मूत्रपिंडाला काही झालं म्हणजे? चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला!"

"अरे हो, हो! मग कशाच्या आहेत?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. पण डॉक्टरकडे नेल्यावर खरं सांगावंच लागणार होतं, आणि आजोबांच्या जिवापुढे कसली आलीय लाज!

"एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात. माझ्या आहेत. आजोबा, दामियानो आहे ना... तो माझा नुसता मित्र नाही."

चणे रटरटत होते. आजोबांनी गॅस बारीक केला.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं!" आजोबा कडाडले. "दोन वर्षं तो पोरगा तुला स्कूटरवरून दाराशी सोडतो, आणि एकदाही त्याला आत बोलावून दोन घास घातले नाहीस? हेच शिकवलं का रे मी तुला, गाढवा?"

ओरोंझोला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि आजोबांनी त्याला त्या चण्याच्या हातांनीच छातीशी धरलं. एवढं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"उद्या जेवायला घेऊन ये त्याला," आजोबा म्हणाले. "चार ताटं मांडू."

"चार कशाला? आपण तिघंच ना?" ओरोंझोने डोळे पुसले आणि डबी खिशात टाकली. "चला, आधी डॉक्टर. मग ही परत करून येतो."

"डबी ठेव खाली."

"अहो, नोंद दुरुस्त करायचीये. चुकून तुम्हाला दिली त्यांनी."

"दिली बरोबर. चढवली चुकून तुझ्या नावावर."

आजोबा कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याच्या हातात ठेवला आणि घाईघाईने पुन्हा चणे ढवळायला लागले.

ओरोंझोने कागद उलगडला. संसर्गरोगाच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. औषध तेच, रोज एक गोळी. मूत्रपिंडाची तपासणी झाली, दोष नाही, असा शेराही होता. वर नाव होतं ओरोंझो पेरोने, आणि जन्मसाल एकोणीसशे अठ्ठेचाळीस.