धक्क्यावरची पारख

थंडी सरत आली होती, पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागले होते. त्यामुळे मुलीच्या पक्षीवेड्या वडिलांनी सांगून आलेल्या मुलाला घरी न बोलावता भल्या सकाळी बंदराच्या धक्क्यावरच बोलावलं आणि गळ्यातली दुर्बीण त्याच्या हातात दिली.

"त्या पिवळ्या बोटीमागे चिखलात बघा. लांब चोचीचा, एका पायावर उभा आहे. दिसला?"

मुलाने दुर्बीण डोळ्यांना लावली. "दिसला."

"मान पिसांत खुपसलीय ना?"

"हो काका. काय ऐट आहे त्याची."

दुर्बीण परत घेताना त्यांनी पाहिलं, पुढच्या काचांवरची झाकणं जशीच्या तशी होती. त्यांनी ती तशीच गळ्यात अडकवली.

घरी बायकोने दारातच गाठलं. "काय हो, कसा वाटला मुलगा?"

"पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही त्याला. झाकणं न काढताच पक्षी बघत होता."

"अगंबाई. मग नाही म्हणून कळवायचं?"

"छे, तारीख काढायला सांग. न दिसलेलं दिसलं म्हणायला शिकण्यात माझा अर्धा संसार गेला. हा शिकूनच आलाय."