वडिलांच्या जागी

सूतगिरणीच्या ऑफिसात मी तिसऱ्यांदा उभा होतो. बावीस वर्षं सलग रात्रपाळी केल्यावर पंचेचाळिशीतच शुगर आणि बीपी मागे लागले. हे जागरणाचं दुखणं आहे, अशी डॉक्टरांची चिठ्ठी होती. मला दिवसपाळी हवी होती आणि औषधांचा खर्च.

पहिल्या खेपेला चौगुलेसाहेबांना चिठ्ठीवर शिक्का हवा होता, दुसऱ्या खेपेला तारीख. आज दोन्ही होतं, म्हणून त्यांनी नवाच फॉर्म काढला.

"मगदूम, घरात कुणाला शुगर होती?"

"वडिलांना होती. बीपीपण."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग आधी सांगायचं नाही का? हे आनुवंशिक आहे. याला गिरणी काय करणार?" त्यांनी तसं ठळक अक्षरांत लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

मी पेनला हात लावला नाही.

"साहेब, वडील गेल्यावर त्यांच्या जागी तुम्हीच मला घेतलंत. तेच मशीन, तीच रात्रपाळी. धाकटा भाऊही त्यांचाच मुलगा, पण तो शाळेत मास्तर, रात्रभर घोरत पडतो. त्याला शुगर नाही, बीपी नाही. तेवढंही लिहा की त्या फॉर्मवर."