दोन पट्ट्या खाली

वरचा सूर तिसऱ्यांदा फाटला, तेव्हा गायिकेने खाली वाकून माइकची वायर बाजूला सारली.

"पायात येते मेली," ती म्हणाली.

वायर तिच्या पायापासून हातभर लांब होती. ते सगळ्यांनी पाहिलं.

चार बँडमधली चार नावाजलेली माणसं त्या सरावाच्या खोलीत होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर चार होत्या. चौघांचे चेहरे गावभर भिंतींवर लागले होते. पहिला कार्यक्रम नऊ दिवसांवर आला होता, तिकिटं संपली होती आणि पडदा उघडायचा होता तिच्या गाण्याने. लोकांना तिचं नाव कळण्याआधी पाठ झालेलं गाणं.

"ताई, पाणी घ्या," ड्रमवाला म्हणाला. त्याला सगळे बुलडोझर म्हणायचे. त्याचा आवाज इतका मऊ कुणी कधी ऐकला नव्हता. तिने पाण्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही पट्टी चढवलीत," ती गिटारवाल्याला म्हणाली.

"मी?" त्याने कानाला हात लावले. "पंधरा वर्षांचा होतो ताई, तुमची रेकॉर्ड झिजवून हे गाणं बसवलंय. काळी पाच म्हणजे काळी पाच. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही."

"अहो, दर आठवड्याला गाते मी हे. मला माझी पट्टी कळत नाही?"

बासवाला इतका वेळ भिंतीला टेकून होता. उंच, वाळकुडा, शब्द जपून वापरणारा माणूस. "गेल्या वर्षी मी आलो होतो तुमच्या कार्यक्रमाला," तो म्हणाला. "तेव्हा हे काळी चारला होतं. मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली. मला वाटलं, तुम्हीच उतरवून घेतलंय."

ती हसली. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच वाळलं.

"आलेच," म्हणत ती बाहेर पडली.

जुन्या बँडमध्ये कीबोर्डवर तिची थोरली बहीण असायची. सूर तीच द्यायची. अक्काचं बोट कुठल्या पट्टीवर आहे हे गायिकेने कधी वळून पाहिलं नव्हतं. कडेवरचं पोर कुठे रस्ता बघतं? पण या नव्या बँडचं बोलावणं एकटीलाच आलं, ती हो म्हणाली, आणि महिनाभर दोघी बहिणींत शब्द नव्हता.

बोळात उभं राहून तिने फोन लावला.

"अक्का, पट्टी कधी उतरवलीस?"

पलीकडे वाहता नळ बंद झाला.

"कळलं वाटतं."

"कधी, ते सांग."

"तुझ्या बाळंतपणानंतर. एकदम नाही गं. आधी एक. दोन वर्षांनी आणखी एक. कीबोर्डला बटण असतं त्याचं. गिटारच्या तारा उतरवून घेतल्या."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तुला सोडून."

"सहा वर्षं वेड्यात काढलंत मला!"

"काढलं. प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारायचीस, अक्का, आवाज पहिल्यासारखा लागला ना? काय सांगायला हवं होतं? झोप उडाली असती तुझी."

"आणि आता? आता कुणाची उडालीय?"

खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. फटीतून गिटारवाल्याचा दबका आवाज आला, "नऊ दिवस आहेत अजून. हळूच दुसऱ्या कुणाला विचारून ठेवायचं का?"

"अरे, पोस्टर लागलीत," बुलडोझर म्हणाला.

"पोस्टर काय, एका दिवसात बदलतात."

पलीकडेही ते ऐकू गेलं असावं.

"कोण गं हा शहाणा?" अक्काने विचारलं.

"गिटारवाला. म्हणतो, रेकॉर्ड झिजवून शिकलो."

"रेकॉर्ड सुईनेही झिजते. म्हणून सुई गायला लागते का? जा आत. सांग, खाली घ्या म्हणून."

"त्या चौघांसमोर? मग संपलेच मी."

"तिघांसमोर," अक्का म्हणाली. "चौथी तू आहेस."

गायिकेने पदराने कपाळ टिपलं. एकदा वाटलं, जिना उतरावा, रिक्षा करावी आणि घर गाठावं. घसा बसल्याचं उद्या कळवता येईल. मग तिने दार ढकललं.

आतले तिघे पटकन एकमेकांपासून लांब झाले. गिटारवाला उगाच खुंट्या पिळायला लागला.

"ताई, मी म्हणत होतो," तो मान वर न करता म्हणाला, "सुरुवातीला दुसरं एखादं गाणं घ्यायचं का?"

फोन बंद केला नव्हता. तो तिने मधल्या उंच स्टुलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"ही माझी बहीण," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने लपवला नाही. "पट्टी ही सांगेल."

तिघे स्टुलाकडे बघत राहिले. फोनमधून काहीच येईना. अक्काने ठेवून दिला की काय, म्हणून तिचा हात पुढे गेला.

"काळी चार घ्या," अक्का म्हणाली. मग जरा खाकरून, "आणि दुसऱ्या कडव्याआधी एक आवर्तन जास्त वाजवत जा. तिथे तिला श्वास पुरत नाही. तेही तिला ठाऊक नाही."