दोन मिनिटं पुढचा टीव्ही

नरहरकाका आणि मथूकाकू दुकानातल्या सोफ्यावर बसले होते. समोर दोन टीव्ही होते आणि दोन्हींवर हाच सोफा दिसत होता.

"डावा आत्ताचं दाखवतो," दुकानदार म्हणाला, "आणि उजवा दोन मिनिटं पुढचं. गेम खेळताना शत्रू आधीच दिसतो, काका!"

"वा! म्हणजे ही ओरडायच्या आधीच मी पळून जाईन," काका खदखदून हसले.

काकूंनी उजवीकडे पाहिलं. तिथं काका फरशीवर निपचित पडले होते आणि काकू ऊर बडवत होत्या.

"अहो, डॉक्टरला बोलवा कुणीतरी!" काकू किंचाळल्या. दुकानदार फोनकडे धावला.

"मला काय झालंय गं, वेडे?" काका म्हणाले.

उजव्या टीव्हीत तरीही काहीच बदललं नाही. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला नि डाव्या टीव्हीवरून नजर हलवली नाही. तिथं काका अजून हसत होते.