चुलवणाचं तोंड

काहिलीतल्या रसावर पिवळा फेस चढला आणि नेमका तेव्हाच जाळ मंदावला.

"चिपाड वलं हाय, मालक," चुलवणात जाळ घालणारा आसाराम म्हणाला. "नुसतं धुमसायलंय."

गोपीचंदनं आसारामकडं बघितलंच नाही. त्याची नजर खुर्चीवर बसलेल्या मॅडमवर होती. संघप्रिया मॅडम जिल्ह्याच्या कचेरीतून आल्या होत्या. उसाच्या चिपाडाशिवाय दुसरं काही न जाळणाऱ्या गुऱ्हाळाला सरकार नवं, कमी धुराचं चुलवण बांधून देणार होतं. सोनपेठच्या बाजूनं एकट्या गोपीचंदचं नाव पुढं गेलं होतं. रस काहिलीत पडल्यापासून ढेप निघेपर्यंत सगळं मॅडमना डोळ्यांनी बघायचं होतं. सकाळपासून मांडीवर तपासणीचा कागद आणि पेन घेऊन बसलेल्या त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

चिपाड भिजलं तेही त्यांच्याच पायी. मॅडम येणार म्हणून गोपीचंदनं शेड रिकामं केलं, भिंतींना चुना मारला, खुर्च्या मांडल्या. कोरडं चिपाड उघड्यावर गेलं. रात्री अवकाळी भुरभुर झाली.

गोपीचंदची माय झुंबरबाई हातात झारा धरून रसावरची मळी काढत होती. लेकाची नजर कुठं चालली ते तिनं बघितलं. चुलवणाच्या मागं, कोपऱ्यात, बारदानाखाली ढीग होता. टायरचे तुकडे, तुटक्या चपला, रबराचे तळवे. योजनेत नाव गेल्यापासून गोपीचंदनं त्याला हात लावला नव्हता. पण फेकलाही नव्हता. दोन चपला आत टाकल्या की जाळ कसा उसळतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

झुंबरबाईच्या सासऱ्यांच्या वेळी हळदकुंकू लावल्याशिवाय चुलवणाच्या तोंडाला काडी लागत नसे. पायातलं लांब, बांधावर काढायचं. गूळ निघाला की पहिला खडा घरातल्या थोरल्या बाईनं चाखायचा, मग पाहुण्यांनी. आता थोरली बाई झुंबरबाईच होती. पण चुलवणात पहिली चप्पल गेली त्या दिवसापासून तिनं घरचा गूळ तोंडाला लावला नव्हता. भांडण नको म्हणून "मला शुगर हाय" एवढंच सांगितलं. लेकानं ते खरं मानलं. सून तेव्हापासून तिचा चहा बिनसाखरेचा करायची.

मॅडमचा फोन वाजला. बोलत बोलत त्या जीपकडं गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"दोनच घाल," गोपीचंद दबक्या आवाजात म्हणाला. "तळाला. वरून चिपाड टाक."

"धूर दिसंल ना, मालक."

"वारं नदीकडं चाललंय. चल, लवकर."

आसाराम उठून ढिगाशी आला. त्याच्या आधी झुंबरबाई तिथं पोचली होती. तिनं झारा भिंतीला टेकवला आणि बारदानावर बसकण मारली.

"माय, ऊठ तिथून."

"पाय भरून आलेत."

"बाज हाय की पलीकडं."

"मला इथंच बरं वाटायलंय."

आसाराम दोन पावलं मागं सरकला. "मावशीला हात लावायला मला सांगू नका, मालक."

गोपीचंद खाली वाकला. त्याचं तोंड घामानं आणि वाफेनं ओलं झालं होतं. "काहील वाया जाईल, माय. गूळ बसला न्हाई तर नाव कटंल. जन्मभर ह्याच धुरात डोळे फोडायचेत का तुला?"

"कटंल," ती म्हणाली. "मला कळत न्हाई का?"

नवं चुलवण तिलाही हवं होतं. त्याच्यापायी तर ती पहाटेपासून उभी होती.

गोपीचंदनं तिच्या बाजूनं बारदान ओढलं. खालून एक चप्पल घरंगळत बाहेर आली. लहान मुलीची, पट्ट्यावर प्लास्टिकचं फूल. तेवढ्यात मॅडम वळल्या.

झुंबरबाईनं लुगड्याचा घोळ पुढं ओढला. चप्पल झाकली गेली.

"आजी, इथं का बसलात?"

"दमले, बाई."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग बारदानाकडं, मग गोपीचंदकडं. खुर्चीवर जाऊन बसल्या.

जाळ धुमसतच राहिला. पाक रेंगाळला, सोनेरीचा तांबडा झाला, तांबड्याचा काळपट. शेवटी आसारामनं आणि गोपीचंदनं काहील गूळ निववायच्या वाफ्यात उलटी केली. वाफ्यातला पाक निवत गेला, पण घट्ट काही होईना. गोपीचंदनं उलथन्यानं कड खरवडली. उलथनं लिबलिबीत निघालं.

"ढेप धरणार नाही?" मॅडमनी विचारलं.

गोपीचंदनं मान हलवली. "आज न्हाई धरली, मॅडम."

झुंबरबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. लुगड्याखालची चप्पल उघडी पडली, तशीच तिनं पडू दिली. वाफ्याशी आली. कडेला बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटून जरा वेळ तशीच उभी राहिली. मग पळसाचं पान घेतलं, त्यावर थोडा लिबलिबीत गूळ घेतला आणि मॅडमपुढं धरला.

"बसला न्हाई, बाई. पण खा."

मॅडमनी पान घेतलं. मांडीवरच्या कागदावर त्यांचं पेन अजून उघडंच होतं.

गोपीचंद मायकडं बघत राहिला.

"माय," तो हळूच म्हणाला, "तुला शुगर हाय ना?"

"कधीच नव्हती," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा बोट बुडवलं.