आवाजाचं पॅकेज

बाबांचा जुना लॅपटॉप मी लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालता ठेवला होता. त्या दुपारी त्यातून गाणीच ऐकू येईनात.

"जमेल ना गं?" शिलाई मशीन थांबवून बाबांनी विचारलं.

"बाबा, हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे!"

ते हसले आणि पुन्हा पँट शिवायला लागले.

आवाज सांभाळणारी दोन सॉफ्टवेअर पॅकेजेस एकमेकांशी भांडत होती. दोन्ही काढायची आणि एक नव्याने टाकायचं, एवढंच काम. 'नक्की काढू?' असं स्क्रीनवर आलं. मी बेधडक हो म्हटलं.

खोली शांत झाली. बाबा थांबले असतील म्हणून मी वळून पाहिलं. मशीनचं चाक गरागरा फिरत होतं, सुई खालीवर होत होती, फक्त खडखड नव्हती.

घाबरायचं कशाला? काढलेलं पॅकेज परत टाकता येतं. मी भराभर नाव टाइप केलं. कीबोर्डही वाजत नव्हता.

'या नावाचं पॅकेज सापडलं नाही.'

मी अक्षर न् अक्षर तपासलं. नाव बरोबर होतं.

बाबांनी मान वर करून काहीतरी विचारलं. मला नुसते ओठ हललेले दिसले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाबा!"

ते कानामागे हात धरून माझ्याकडे बघत राहिले.