वकिलाची ताकीद

माले गावच्या भिकू आणि गेनू या सख्ख्या भावांचा वाटणीचा दावा कोर्टात कधीपासून लोंबकळत होता. नरहरी वकील भिकूच्या बाजूने भांडत होते. परवा सहलीला आलेल्या कुणाच्या तरी भरधाव गाडीने भिकूला गावाबाहेर उडवलं. गाडी पसार झाली आणि दवाखाना येईपर्यंत भिकू गेला. आता त्याच्या बायकोला भरपाई मिळवून द्यायची तर गाडीचा नंबर हवा, आणि त्या वेळी तिथं होता एकटा गेनू. शेवटी वकिलांनी विरुद्ध पक्षकाराच्या ओट्यावर बूड टेकलं.

"गेनबा, दावा राहू दे बाजूला. वहिनीकडं बघून सांग, नंबर पाहिलास?"

"मी लांब व्हतो, सायेब. दादानं बघितला आसंल, त्यो शुद्धीवर व्हता. पळत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हनलं, दादा, कुनाची गाडी? नंबर सांग. त्यानं माझ्याकडं बघितलं, अन् ओठ गच्च मिटून घेतलं."

"अरे, पण का?"

गेनूने डोळे पुसले.

"तुमीच ताकीद दिली व्हती न्हवं त्याला? निकाल लागंपत्तुर गेनूशी चकार शब्द बोलायचा न्हाई म्हनून."